लहानपणी प्राण्यांचे हाल, मोठेपणी गुन्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं आणि हिंसा या विषयावर कोल्हापुरात कुठंही बोलणं झालं, की नंतर दोन-चार जण बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतातच: "आमचं पोरगं मांजराला असं असं करतं, पुढं काय होणार?" कुणी शिक्षक असतात, कुणी गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणारे, कुणी आई-वडील. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथं एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथं क्रमांक दिला आहे. मुलानं काय केलं हे सगळे विचारतात, कशासाठी केलं हे फार थोडे विचारतात, म्हणून या पानाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या प्रश्नावर खर्च केला आहे.

१. क्रूरता नेमकं कशाला म्हणायचं? आमचा चार वर्षांचा मुलगा मुंग्या चिरडतो, तेही यात धरायचं का?

नाही, ते यात धरू नका. फ्रँक ॲसिओन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये केलेली व्याख्या आजही अभ्यासक वापरतात. त्यांच्या मते, प्राण्याला जाणूनबुजून, गरज नसताना वेदना, त्रास किंवा मरण देणारं आणि समाजाला मान्य नसलेलं वागणं म्हणजे क्रूरता. म्हणजे मुलाला कळत होतं का आणि तसं करायची काही गरज होती का, हे आधी बघायचं. चार वर्षांच्या मुलाला मुंगीला दुखतं हे कळत नाही. चतुराला दोरा बांधून उडवणारी मुलं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना जवळ बसवून एकदा समजावलं की बहुतेक जण सोडून देतात.

काळजीचं चित्र वेगळं असतं. पिल्लू केकाटतंय, मुलाला ते ऐकू येतंय, तरी हात थांबत नाही. किंवा थांबवल्यावर पुन्हा लपून तेच होतं. किंवा ते ओरडतं म्हणूनच गंमत वाटते. असं असेल तर पुढची उत्तरं तुमच्यासाठी आहेत.

२. लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा मोठेपणी गुन्हेगार होतोच, हे खरं का?

'होतोच' हे खरं नाही. संबंध आहे, पण त्याची दिशा नीट समजून घ्यायला हवी.

सर्वांत जास्त उल्लेख होतो तो स्टीफन केलर्ट आणि ॲलन फेल्थस यांच्या १९८५ च्या अभ्यासाचा. त्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सस आणि कनेक्टिकट या राज्यांत १५२ पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यात तुरुंगातले कैदी होते आणि बाहेरची सर्वसाधारण माणसंही. कैद्यांचे गट त्यांनी कलमांवरून पाडले नाहीत. तुरुंगात माणूस किती आक्रमक वागतो, यावरून पाडले. लहानपणी पाच किंवा जास्त वेळा प्राण्यांचे हाल केल्याचं अति आक्रमक गटातल्या २५ टक्के कैद्यांनी सांगितलं. कमी आक्रमक कैद्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं आणि बाहेरच्या माणसांत शून्य.

हे आकडे उलट बाजूनंही वाचा. सर्वांत आक्रमक कैद्यांपैकीसुद्धा ७५ टक्के लोकांनी तसं वारंवार केलेलं नव्हतं. पुढं फ्लोरिडात ४५ हिंसक आणि ४५ अहिंसक कैद्यांची तुलना झाली, तेव्हा हिंसक गटात ५६ टक्के आणि अहिंसक गटात २० टक्के जणांनी कधी ना कधी प्राण्यांवर क्रूरता केली होती. फरक मोठा आहे. पण हे सगळं गुन्हेगारांकडून मागं वळून बघणं आहे. तुमच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाचं भविष्य त्यातून काढता येत नाही.

३. मग 'प्राणी मारतो, आग लावतो, अंथरूण ओलं करतो तो खुनी होतो' हे कुठून आलं?

डेन्व्हरच्या जे. एम. मॅकडोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञांकडून. १९६३ मध्ये त्यांनी जीव घेण्याच्या धमक्या दिलेल्या १०० रुग्णांवर एक लेख लिहिला आणि त्यांच्यातल्या सर्वांत हिंस्र रुग्णांत या तीन खुणा दिसल्याचं नोंदवलं. लेखकाचं ते निरीक्षण होतं, सिद्ध झालेला नियम नव्हता. पुढं १९६८ मध्ये त्यांनी स्वतःच तपासलं, तेव्हा त्याला आकडेवारीचा आधार मिळाला नाही. पण तोवर तो विचार पोलीस प्रशिक्षणात, वर्तमानपत्रांत आणि मालिकांत जाऊन बसला होता.

यातली अंथरूण ओलं करण्याची गोष्ट फार लेकरांना भोवली आहे. रात्री अंथरूण ओलं होणं हा बहुतेक वेळा शरीराच्या वाढीचा भाग असतो, कधी भीतीचा. त्याचा खुनाशी संबंध जोडून मुलाला चारचौघांत बोलणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

४. गुन्हेगारांनी स्वतः काय कारणं सांगितली?

केलर्ट आणि फेल्थस यांच्या कामाचा हा खरा गाभा आहे, आणि आकड्यांच्या गर्दीत तोच हरवतो. मुलाखतींतून त्यांना नऊ हेतू सापडले. एकाच घटनेत दोन-तीन हेतू मिसळलेलेही होते.

पहिला हेतू ताबा मिळवण्याचा: प्राण्यानं ऐकावं, खोड मोडावी म्हणून मारणं. आपल्याकडे कुत्रं भुंकलं म्हणून पट्ट्यानं झोडपणारी मोठी माणसं हेच करतात, आणि त्याला 'शिस्त' म्हणतात. दुसरा हेतू प्राण्यावर सूड उगवण्याचा. मांजरानं बोचकारलं, मग त्याला 'शिक्षा' म्हणून जे केलं जातं ते बोचकारण्याच्या मानानं कैकपट भयंकर असतं. तिसरा हेतू एखाद्या जातीच्या प्राण्याविषयी मनात बसलेली अढी. केलर्ट यांच्या मुलाखतींत मांजरांबद्दल ती बरीच दिसली. आपल्याकडे काळं मांजर, घुबड, सरडा आणि साप यांना ती भोगावी लागते. 'ते अपशकुनीच असतं' म्हटलं की मारणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

चौथा आणि पाचवा हेतू जवळजवळचे आहेत. एकात प्राण्यालाच आपल्या आक्रमकपणाचं हत्यार बनवतात: कुत्र्याला मारून, उपाशी ठेवून 'खुनशी' करायचं, म्हणजे गल्लीत आपला दरारा. दुसऱ्यात प्राण्यांवर हात साफ करून घेतात, आपण किती निर्दयी होऊ शकतो हे दाखवतात. सहावा हेतू लोकांना हादरवून मजा बघण्याचा.

सातवा हेतू माणसावर सूड घेण्याचा. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण आणि विष पडतं त्याच्या म्हशीच्या वैरणीत. गावाकडे हे मोठी माणसंही करतात, आणि घरातलं पोर ते ऐकत असतं.

आठव्या हेतूपाशी मी जास्त वेळ थांबतो. ज्याच्यावर राग आहे त्याला हात लावायची ताकद नसते, म्हणून तो राग प्राण्यावर निघतो. बाप मारतो, बापाला मारता येत नाही. कुत्रं उलटून मारत नाही. केलर्ट आणि फेल्थस यांना अति आक्रमक कैद्यांच्या घरांत वडिलांची मारझोड आणि दारू फार मोठ्या प्रमाणात आढळली, आणि त्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी लहानपणी वारंवार, बेसुमार मार खाल्ल्याचं सांगितलं.

नववा हेतू निव्वळ छळाचा. राग नाही, चिथावणी नाही, सूड नाही, फक्त दुसऱ्या जिवाच्या वेदनेतून मिळणारं सुख. सगळ्यांना पहिल्यांदा हाच आठवतो, पण तो नऊपैकी एक आहे.

५. कैद्यांनी सांगितलेल्या कारणांत सर्वांत जास्त कोणतं?

राग. क्रिस्टोफर हेन्स्ली आणि सुझॅन टॅलिशे यांनी २००५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका राज्यातल्या २६१ कैद्यांची उत्तरं तपासली. ज्यांनी लहानपणी प्राण्यांचे हाल केले होते, त्यांनी सांगितलेल्या कारणांत राग सर्वांत वर होता आणि त्याखाली 'मजा'. या दोन कारणांना घरी वेगवेगळं हाताळावं लागतं: रागासाठी प्रश्न ७ आणि १४ पाहा, मजेसाठी प्रश्न ८.

६. पण ही तर मोठ्या कैद्यांची कारणं झाली. मुलांची कारणं वेगळी असतात का?

बरीच वेगळी असतात. कैदी तीस-चाळीस वर्षांनंतर आठवून सांगतो. ॲसिओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये थेट मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून यादी वाढवली. तिच्यात कुतूहल आलं, मित्रांचा दबाव आला, कंटाळा आला. प्राण्याची कमालीची भीती आली: कुत्र्याला घाबरणारा मुलगा कुत्र्याला आधीच दगड घालतो. मोठ्यांची नक्कल आली, आणि स्वतःवर झालेला अत्याचार खेळात पुन्हा पुन्हा करून पाहणंही आलं.

दोन कारणं वाचताना मोठ्या माणसालाही गप्प व्हायला होतं. काही मुलांना प्राण्याचे हाल करायला भाग पाडलेलं असतं: 'तू मारलं नाहीस तर तुला मारतो.' आणि काही मुलांनी आपला लाडका प्राणी स्वतः मारलेला असतो, कारण घरातला कुणीतरी त्याचे हालहाल करणार हे त्यांना माहीत असतं. या दुसऱ्या मुलाला बाहेरून बघणारा क्रूरच म्हणेल. कारण न विचारता शिक्का मारला तर एवढी मोठी चूक होते.

७. घरातल्या मारझोडीचा याच्याशी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो चांगला तपासला गेला आहे. १९८३ मध्ये न्यू जर्सीत मुलांवरच्या अत्याचारासाठी नोंद झालेल्या ५३ कुटुंबांची पाहणी झाली. मुलांना शारीरिक मारहाण होत होती अशा घरांपैकी ८८ टक्के घरांत पाळीव प्राण्यांचेही हाल होत होते. क्लिफ्टन फ्लिन यांनी १९९९ मध्ये २६७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा किशोरवयात वडिलांचा मार खाल्लेल्या मुलग्यांपैकी जवळपास ६० टक्के जणांनी प्राण्यांना त्रास दिल्याचं सांगितलं. मार न खाल्लेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं.

प्राणी हे धमकीचं साधनही असतात. ॲसिओन यांनी अमेरिकेतल्या युटा राज्यात घरच्या मारझोडीतून सुटून निवाऱ्यात आलेल्या बायकांना विचारलं, तर प्राणी पाळणाऱ्यांपैकी ७१ टक्के जणींच्या नवऱ्यानं किंवा जोडीदारानं प्राण्याला इजा केली होती किंवा तशी धमकी दिली होती. लाडक्या मांजरावर हात टाकला की घरातल्या सगळ्यांना कळतं, पुढचा नंबर कुणाचा.

म्हणून एखादं मूल प्राण्याला छळताना दिसलं, तर त्या मुलाला घरी कोण मारतं हे शोधणं हे शिक्षकाचं पहिलं काम आहे. मूल धोक्यात वाटलं तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं. फोन करणाऱ्यानं पुरावा गोळा करायची गरज नसते.

८. दिवाळीत पोरांनी कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधली. विचारलं तर म्हणतात, मजा केली. हे गंभीर घ्यायचं का?

हो, पण सगळ्या पोरांना एकाच मापानं मोजू नका. अशा घोळक्यात बहुधा एकानं कल्पना काढलेली असते, एकानं कुत्रं धरलेलं असतं आणि बाकीचे 'भित्रा' म्हणतील म्हणून उभे असतात. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. 'कुणी केलं' असं विचारलं तर सगळे गप्प होतात. 'कुत्रं पळालं तेव्हा तुला काय वाटलं?' असं विचारा. एखादा रडेल, एखादा हसण्यावारी नेईल. तुम्हाला लक्ष ठेवायचं आहे ते त्याच्यावर, जो घोळका नसतानाही तेच करतो.

बाकीच्यांना त्या भाजलेल्या कुत्र्याच्या उपचारांत सामील करून घ्या. औषध आणणं, पाणी ठेवणं, डॉक्टर मलमपट्टी करताना शेजारी उभं राहणं. हे लाजवण्यासाठी करू नका. लाज दिली की पुढची वेळ लपून होते.

९. आमच्याकडे बकरं कापतात, बैल पळवतात, काही समाज शिकार करत आले. मग ही सगळी पोरं क्रूर म्हणायची का?

अजिबात नाही. पोटासाठी, रीतीप्रमाणे, कमीत कमी यातना देऊन केलेलं काम या व्याख्येत बसत नाही. खाटकाच्या मुलाला बापाचं काम येतं, म्हणून तो क्रूर ठरत नाही.

बेंदराला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवणारी आणि पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारी माणसं या जिल्ह्यात राहतात. जनावरावरची माया इथं नवीन शिकवायची नाही. शर्यतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बैलगाडा शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली. बैलाला इजा करणाऱ्या साधनांना त्यात जागा नाही. पोर शर्यत बघतं यानं काही बिघडत नाही. काठीच्या टोकाला लपवलेली टोचणी बापाच्या हातात बघितली, तर मात्र पोर काय शिकतं ते उघड आहे: पकडलं जाईपर्यंत चालतं.

शिकारी समाजांच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी जास्त जबाबदारीनं बोलायला हवं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात या लोकांची रोजची हजेरी बंद केली आणि त्यांना कामं दिली. पारध्याच्या मुलाच्या हातात गलोल दिसली म्हणून त्याला 'पुढचा गुन्हेगार' म्हणणं हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी पुसलेला शिक्का पुन्हा उमटवणं आहे.

१०. मुलीही असं करतात का?

करतात, पण खूप कमी. फ्लिन यांच्या अभ्यासात (प्रश्न ७) ३४.५ टक्के मुलग्यांनी आणि ९.३ टक्के मुलींनी लहानपणी प्राण्यांना त्रास दिल्याचं सांगितलं. कैद्यांवरचे बहुतेक अभ्यास फक्त पुरुषांचे आहेत, त्यामुळे प्रश्न ४ मधले हेतू मुलींना जसेच्या तसे लावू नका. मुलीनं प्राण्यावर हात टाकला तर तिच्यावर काय बेततंय हे तातडीनं बघा.

११. सिरियल किलर आणि शाळेत गोळीबार करणारे सगळे लहानपणी प्राणी मारायचे ना?

सगळे नाहीत. जेरेमी राइट आणि हेन्स्ली यांनी २००३ मध्ये ३५४ सिरियल किलरची माहिती तपासली. त्यातल्या ७५ जणांच्या, म्हणजे २१ टक्के जणांच्या बालपणात प्राण्यांवरच्या क्रूरतेची नोंद होती. शाळांत हत्याकांड घडवलेल्या २३ जणांचा अभ्यास अर्नोल्ड आर्ल्यूक आणि एरिक मॅडफिस यांनी २०१४ मध्ये केला, त्यात प्रमाण ४३ टक्के निघालं. १९९७ मध्ये मिसिसिपीतल्या पर्ल गावच्या शाळेत गोळीबार करणाऱ्या ल्यूक वुडहॅमनं त्याच वर्षी आधी स्वतःचं कुत्रं हाल करून मारलं होतं. तेव्हा हे कुणी गांभीर्यानं घेतलं असतं तर, असं वाटणं साहजिक आहे.

उलट बाजूला अमेरिकेतला सिरियल किलर जेफ्री डामर आहे. तो लहानपणी रस्त्यावर मेलेले प्राणी गोळा करून त्यांची हाडं जमवायचा. जिवंत प्राण्याचे हाल करणं आणि मेलेल्या प्राण्याबद्दल कुतूहल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हाडं जमवणारी पुष्कळ मुलं पुढं जीवशास्त्र शिकतात.

१२. आधी प्राणी, मग माणूस, हा क्रम तरी पक्का आहे का?

नाही. आर्ल्यूक, जॅक लेव्हिन, कार्टर ल्यूक आणि ॲसिओन यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या, प्राण्यांच्या छळासाठी खटला झालेल्या १५३ जणांची त्यांच्याच वयाच्या १५३ शेजाऱ्यांशी तुलना केली. छळ करणाऱ्यांपैकी ३७ टक्के जणांवर माणसांवरच्या हिंसेचे गुन्हे होते, शेजाऱ्यांत ७ टक्के. पण मालमत्तेचे गुन्हेही ४४ विरुद्ध ११ टक्के होते. आणि प्राण्याचा छळ माणसावरच्या हल्ल्याच्या आधीच होतो, असं दिसलं नाही. कधी आधी, कधी नंतर. म्हणजे प्राणी ही ठरलेली पहिली पायरी नसते. बिघडलेलं वागणं एकाच वेळी अनेक अंगांनी बाहेर पडतं. त्यामुळे ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याच्या चोऱ्या, शाळेतली मारामारी, घरातून पळणं हेही बघा.

१३. कैदी सांगतात ते खरं कशावरून?

शंका रास्त आहे. तुरुंगातला माणूस दरारा वाटावा म्हणून वाढवून सांगू शकतो, किंवा पॅरोलच्या आशेनं लपवू शकतो. तीस वर्षांपूर्वीचा हेतू तो आजच्या शब्दांत सांगतो. 'राग आला होता' म्हणणं सोपं, 'मला मजा आली' म्हणणं अवघड, त्यामुळे प्रश्न ५ मधला रागाचा वरचा क्रमांक थोडा याचाही परिणाम असू शकतो. शिवाय हे सगळे तुरुंग अमेरिकेतले आहेत. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या माणसांचं बालपण वेगळं, घरं वेगळी, जनावरांशी नातं वेगळं. टक्केवारी इकडे आणू नका. हेतूंची यादी मात्र इथल्या मुलांशी बोलताना फार उपयोगी पडते.

१४. मुलाला विचारायचं कसं? आम्ही विचारलं की तो 'असंच' म्हणतो.

'का केलंस?' हा प्रश्न टाळा. मुलाला तो दरडावल्यासारखा ऐकू येतो. काय झालं ते क्रमानं सांगायला लावा: कुठं होतास, पिल्लू कुठून आलं, आधी काय केलंस, मग त्यानं काय केलं, मग तू.

एका आठवीतल्या मुलाची गोष्ट, ओळख पटेल असं सगळं काढून सांगतो. घरामागच्या परड्यात पाण्याचा रिकामा निळा ड्रम होता. त्यात तो कुत्र्याचं पिल्लू टाकून झाकण ठेवायचा. थोड्या वेळानं झाकण उघडायचा, बिस्कीट द्यायचा, कुरवाळायचा, पुन्हा बंद. आईनं मला सांगितलं ते एवढंच, की पोरगं पिल्लाला गुदमरवतंय. क्रमानं विचारत गेल्यावर तो म्हणाला, "मी उघडल्याशिवाय त्याला बाहेर येताच येत नाही." हे तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा जरा खुशीत. घरात कुणी कधी दार उघडायचं हे त्याच्या हातात नव्हतं. उशीर झाला की वडील त्याला रात्रभर बाहेर ठेवत. पिल्लाच्या बाबतीत त्याचा हेतू ताब्याचा होता, प्रश्न ४ मधला पहिला. पिल्लू सुरक्षित घरी हलवलं आणि खरं काम वडिलांशी बोलण्याचं झालं. ते काम सोपं गेलं नाही आणि एका बैठकीत झालं नाही.

विचारताना ओरडू नका, शिक्षेची धमकी देऊ नका, आणि 'आता असं करणार नाहीस ना?' असं वचन लगेच घेऊ नका. वचन दिलं की मूल बोलायचं थांबतं.

१५. हा मानसिक आजार आहे का?

एकट्या या लक्षणावरून नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८७ पासून प्राण्यांवरची क्रूरता हे मुलांमधल्या 'कंडक्ट डिसऑर्डर'चं, म्हणजे वागणुकीच्या विकाराचं, एक लक्षण मानलं आहे. निदानासाठी १५ लक्षणांपैकी कमीत कमी तीन लक्षणं वर्षभरात दिसावी लागतात. वारंवार घडत असेल, मूल निर्विकार दिसत असेल, किंवा सोबत आग लावणं, चोऱ्या, हत्यार बाळगणं असेल, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. 'वेड्याचा डॉक्टर' म्हणून घाबरवून नेऊ नका.

१६. कुत्रं चावलं तरी मुलगा सांगत नाही. असं का?

कारण चावलं म्हटलं की 'तू त्याला काय केलं होतंस?' हा प्रश्न येणार, हे त्याला माहीत असतं. हे जिवावर बेतणारं आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर तो बरा होत नाही. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. चौकशी नंतर. आजच घरात सांगून टाका: चावलं, ओरखडलं तर आधी सांगायचं, रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

१७. गल्लीतल्या अल्पवयीन मुलानं पिल्लू मारलं. पोलिसांत द्यावं का?

सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्यानं गुन्हा ठरतच नाही, आणि सात ते बारा वयात समज किती होती हे बघतात. प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे, ही शरमेची गोष्ट आहे. घोरपड किंवा मोर असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, तो कडक आहे.

१८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि मोठी माणसं सामील नसतील, तर साधारणपणे एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो. मला हा अहवाल शिक्षेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण घरातला मार, दारू, उपासमार त्यातून पुढं येऊ शकते. म्हणून तक्रार करायला कचरू नका, पण मुलाचा फोटो आणि नाव गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

१८. मुलांनी छळाचा व्हिडिओ काढून पाठवला आहे. काय करू?

पुढं पाठवू नका. निषेधासाठीसुद्धा नाही, कारण हादरवून मजा बघणं हाच त्यांचा हेतू असेल (प्रश्न ४ मधला सहावा), तर तुमचा प्रत्येक फॉरवर्ड त्यांना हवं तेच देतो. मूळ व्हिडिओ जपून ठेवा, पोलिसांना दाखवा, प्राणी जिवंत असेल तर आधी त्याला सोडवा.

१९. मूल प्राण्यावर जीव टाकतं आणि त्यालाच त्रासही देतं. हे कसं?

अशी मुलं पुष्कळ असतात. ज्या घरात माया आणि मार एकाच हातानं मिळतात, तिथं मुलाला जवळीक तशीच करता येते. त्याला प्राण्यापासून कायमचं तोडू नका, एकटंही सोडू नका. मोठं माणूस शेजारी असताना खायला घालणं, अंग पुसणं, फिरवणं चालू द्या.

२०. लहानपणी मी एका मांजराचे फार हाल केले होते. आता पस्तिशीत आहे, दोन मुलं आहेत, कधी कुणावर हात उचलला नाही. माझ्यात काही वाईट आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा नाव न लिहिता येतो, आणि पुरुषांकडूनच येतो. प्रश्न २ मधले आकडे मुख्यतः तुरुंगातल्या माणसांचे आहेत, त्यावरून तुमच्यासारख्या माणसाला मापता येत नाही. फ्लिन यांच्या अभ्यासातले (प्रश्न १०) एक तृतीयांशांहून जास्त मुलगे लहानपणी असं काही करून बसले होते आणि ते कॉलेजात शिकत होते. इतक्या वर्षांनी अपराधी वाटतं, कारण त्या मांजराचं दुःख तुम्हाला कळतं.

आता प्रश्न ४ आणि ६ पुन्हा वाचा आणि तुमचं कारण त्यात कुठं बसतं ते बघा. बऱ्याच जणांना तेव्हा आठवतं, की त्या वर्षी घरात काय चाललं होतं. ते आठवून झोप लागत नसेल, किंवा स्वतःच्या मुलांवर राग आला की तोच हात उठेल अशी भीती वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.